कामणदुर्गाचे देणे

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सभेत प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



आपल्या धर्मग्रामाला ह्या वर्षी, म्हणजे 2025 साली, पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. अशा मंगल प्रसंगी वक्त्याने पूर्वजांचे स्मरण करावे, देवळाच्या पायाभरणीची हकीगत सांगावी आणि उपकारकर्त्यांचे आभार मानावेत, असा शिष्टाचार आहे. ही सर्व कामे आमच्यापूर्वी बोललेल्या मंडळींनी आमच्यापेक्षा अधिक चांगल्या रीतीने पार पाडिली आहेत. आमच्या वाट्याला एका डोंगराची गोष्ट उरली आहे. ती सांगण्यास आम्ही पंचवीस वर्षे उशीर केला. आता ती आणखी लांबणीवर टाकण्याचा आम्हांस अधिकार नाही.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी 2000 साली निघालेली रौप्यमहोत्सवाची पुस्तिका अद्याप जपून ठेविलेली असेल. तिच्या शेवटच्या पानांत युवकमंडळाच्या कामणदुर्गावरील पदयात्रेचा वृत्तांत आहे आणि शिखरावर उभ्या असलेल्या चाळीसएक तरुणतरुणींचे छायाचित्र आहे. त्यांच्या मध्यभागी जो सडपातळ धर्मगुरू हसताना दिसतो, तो म्हणजे त्या वेळी येथे सहायक धर्मगुरू असलेले आम्ही. वृत्तांतात चढणीचे, गाण्यांचे आणि वाटेने केलेल्या क्रुसाच्या वाटेच्या भक्तीचे वर्णन आहे. परंतु ते छायाचित्र घेतल्यावर अर्ध्या घटकेच्या आत खाली डोंगराच्या उतारावर धूर दिसू लागला, ही गोष्ट त्यात नाही. तो धूर आमच्या चुलीचा होता.

ते दिवस उपवासकाळाचे, मार्च महिन्याचे होते. चढणीच्या अर्ध्यावर, एका कोरड्या ओहळाच्या काठी, आम्ही तीन दगडांची चूल मांडून चहा केला. निघताना चुलीवर माती लोटली व भांड्यात उरलेले पाणी ओतले. निखारे विझले, असे आम्हांस वाटले. वास्तविक, विझल्याची खात्री करून घेण्यासाठी राखेत हात घालून पाहावा लागतो, हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हते. दुपारी समुद्रावरून वारा सुटतो आणि तो डोंगराच्या अंगाने वर चढतो, हे वसईच्या किनाऱ्यावर जन्म घालविणाऱ्या आम्हां लोकांस माहीत होते; परंतु त्या वेळी ते आठवले नाही. आम्ही शिखरावरून धावत खाली आलो, तोवर उतारावरचे गवत पेटले होते, आणि पायथ्याच्या पाड्यावरील आदिवासी स्त्रीपुरुष हिरव्या डहाळ्यांनी आग झोडपीत होते. आमच्यातील काही मुलगे तासभर त्यांच्या बरोबरीने झटले. संध्याकाळ होताच मुलींना घरी पोहोचविण्याच्या निमित्ताने आम्ही सर्वजण निघून आलो. वणवा रात्रभर जळत होता.

पुढे काय झाले, ते सांगताना आजही आमची मान खाली जाते. आग कोणी लाविली, ह्याची काही दिवसांनी चौकशी झाली. नवे गवत चांगले फुटावे म्हणून पाड्यावरील लोक डोंगर जाळतात, असा समज सर्वत्र रूढ असल्यामुळे संशय त्यांच्यावरच आला, आणि तेथील दोघा जणांना जबाब देण्यासाठी कित्येक दिवस हेलपाटे घालावे लागले. ही वार्ता आमच्या कानी आली. युवकमंडळाच्या सभेत एका मुलाने उठून विचारले, “फादर, आपण जाऊन सांगू या का?” रौप्यमहोत्सव दोन महिन्यांवर आला होता. पाहुणे यावयाचे होते, पुस्तिका छापखान्यात गेली होती. आम्ही त्या मुलाला म्हणालो, “तूर्त हा विषय नको.” बंधुभगिनींनो, हे ‘तूर्त’ पंचवीस वर्षे टिकले.

आम्ही आमच्या पापनिवेदकाकडे गेलो, पापक्षमा मिळाली, आणि झालेले नुकसान भरून देण्याची आज्ञाही मिळाली. त्यानंतर आमची बदली झाली. एका धर्मग्रामातून दुसऱ्या धर्मग्रामात जाताना ती आज्ञा आमच्या सामानातून नेहमी येत राहिली, पण पार पडली नाही. तीन वर्षांपूर्वी प्रमुख धर्मगुरू म्हणून आम्ही पुन्हा येथे आलो, तेव्हा देवळाच्या अंगणातून पूर्वेस पाहिले की तो डोंगर समोर उभा असे.

सुवर्णमहोत्सवाचे कार्यक्रम ठरविण्यास बसलो असता आम्ही लेवीयाच्या पुस्तकाचा पंचविसावा अध्याय काढून वाचला. मोशेच्या नियमशास्त्रात पन्नासावे वर्ष पवित्र मानिले आहे. त्या वर्षी रणशिंग फुंकावयाचे. परंतु ते केवळ मेजवानीसाठी नव्हे. गहाण पडलेली जमीन मूळ घराण्याकडे परत जावयाची, दास झालेल्याने मोकळे होऊन आपल्या घरी जावयाचे, आणि भूमीलाही विसावा द्यावयाचा. म्हणजे महोत्सवाचे मूळ परत देण्यात आहे. ते वाचून आमच्या मनाने घेतले की, दिव्यांची रोषणाई करण्याआधी कामणदुर्गाकडे जावे. त्या वेळच्या युवकांपैकी, जे आता स्वतः आईबाप झाले आहेत, सातजण तयार झाले. बाकीचे सोळाजण आजच्या युवकमंडळातील होते.

तीन राजांच्या सणानंतरच्या शनिवारी, म्हणजे 2025 च्या जानेवारीच्या 11 तारखेस, पहाटेची मिस्सा आटोपून आम्ही निघालो. वसईहून भिवंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कामण गाव आहे. दिवा येथे जाणाऱ्या लोहमार्गावर त्याच नावाचे स्थानकही आहे. त्या गावाच्या पाठीशी हा दुर्ग उभा आहे. त्याची उंची दोन हजार फुटांहून अधिक आहे, आणि सभोवतीचे रान तुंगारेश्वराच्या अभयारण्यात मोडते. हे अभयारण्य 2003 साली जाहीर झाले. वनखात्याची परवानगी आम्ही आधीच काढिली होती. कोणाच्याही खिशात काड्यांची पेटी नाही, हे निघतानाच पाहून घेतले. शिदोरीला तांदळाच्या भाकरी, चण्याची सुकी उसळ आणि आपल्या वसईची सुकेळी होती. राजेळी केळी उन्हात वाळविली की सुकेळी होतात. त्यांना चूल लागत नाही, असे आमच्यातील एक बाई हसून म्हणाल्या. पण जे सातजण पूर्वी आले होते त्यांच्यापैकी कोणी हसले नाही.

पाड्यावर पोहोचलो तेव्हा एका घराच्या पडवीत एक वृद्ध गृहस्थ बसले होते. बोलण्याचा निश्चय करूनच आम्ही घरून निघालो होतो. परंतु प्रत्यक्षात आम्ही त्यांना “बाबा, गडाची वाट कोणती?” एवढेच विचारिले. त्यांनी आपल्या मुलाला वाटाड्या म्हणून आमच्याबरोबर दिले. तो तिशीतला तरुण होता, आणि रानातील झाडे त्याला शेजाऱ्यांसारखी ओळखीची होती.

वणव्याविषयी शहरात एक कल्पना असते की, आग झाडांच्या शेंड्यांवरून धावते आणि मागे काही उरत नाही. सह्याद्रीच्या ह्या अंगाला बहुधा तसे होत नाही. येथील आग जमिनीवरून, वाळलेल्या गवतातून व पाचोळ्यातून सरकते. मोठे वृक्ष तिला पुरून उरतात. वाटेवर आम्ही ऐनाची झाडे पाहिली. त्यांची साल मगरीच्या पाठीसारखी जाड व भेगाळलेली असते, आणि तीच त्यांचे चिलखत होते. काही झाडांच्या बुंध्याशी एका बाजूस काळी ढोली पडली होती. वाटाड्या म्हणाला की, आग वाऱ्याच्या आडोशाला, खोडाच्या वरच्या बाजूस, अधिक वेळ रेंगाळते. म्हणून जखम नेहमी चढाच्या अंगाला असते. आम्ही नंतर प्रत्येक झाडाकडे तसेच पाहत गेलो, आणि त्याचे म्हणणे बहुतेक ठिकाणी खरे ठरले.

आग मारते ती लहानांना. पावसाळ्यात रुजलेली वीतभर रोपे, पाचोळ्याखाली पडलेले बी, जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्यांची अंडी, ही सर्व एका दुपारी नाहीशी होतात. म्हणून जळालेले रान दुरून पाहिले असता शाबूत दिसते. म्हातारे वृक्ष उभे असतात, परंतु त्यांच्या पायाशी मुले नसतात. जेथे सागाचे लहान झाड जळून गेले होते, तेथे त्याच्या मुळातून पुढे चार-चार फुटवे आले होते, आणि आज त्यांतील प्रत्येक मांडीएवढा जाड झाला होता. वाटाड्याने एका ठिकाणी अशा झाडांची रांग दाखविली आणि म्हणाला, “ही सगळी एकाच वयाची. मोठी आग लागली त्यानंतरची.” मग तो ओघानेच म्हणाला की, त्या वर्षी तो सहा वर्षांचा होता, त्या आगीत त्यांच्या कापून ठेविलेल्या गवताच्या उडव्या जळाल्या, मोहाची फुले वेचण्याचा हंगाम गेला, आणि आग लाविल्याच्या संशयावरून त्याच्या बापाला बोलावून नेले होते.

आमच्यापैकी कोणीच काही बोलले नाही. त्या पडवीत बसलेल्या वृद्धाला आम्ही सकाळी वाट विचारिली होती.

थोडे पुढे गेल्यावर तो कोरडा ओहळ लागला. चुलीचे दगड अर्थातच ओळखण्यासारखे राहिले नव्हते. परंतु ओहळाच्या दोन काठांत जो फरक होता, तो लहान मुलालाही कळला असता. पलीकडच्या काठावर आग गेली नव्हती. तेथे जांभूळ, आंबा आणि वेलींची दाट सावली होती आणि पायाखाली मऊ काळी माती होती. अलीकडच्या तीव्र उतारावर नुसते गवत होते, आणि मधूनमधून उघडा खडक होता. आग मार्चात लागते आणि पाऊस जूनमध्ये येतो. त्यामधील तीन महिन्यांत उतार उघडाच राहतो. मग आपल्याकडील पहिला जोराचा पाऊस राखेबरोबर मातीही घेऊन जातो. माती वाहून जाण्यास एक पावसाळा पुरतो. ती पुन्हा साठण्यास माणसाच्या कित्येक पिढ्या लागतात. जेथे माती नाही तेथे प्रथम गवत येते, आणि ते गवत वाळले की पुढच्या आगीला आमंत्रण देते. असे हे चक्र आहे. येथे ते मोडले गेले, ह्याचे कारण असे की, पाड्यावरील लोक आणि वनरक्षक दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडी जाळरेषा काढीत आले. जाळरेषा म्हणजे गवत व पाचोळा काढून मोकळा केलेला पट्टा. आग तेथवर येते आणि खावयास काही न मिळाल्याने थांबते. ज्यांच्यावर आग लाविल्याचा आळ आला, त्यांनीच पंचवीस वर्षे ह्या डोंगराला आगीपासून जपले होते.

वरच्या अंगाला कारवीचे रान लागते. ही वनस्पती सात-आठ वर्षे नुसती वाढते, मग एकदाच फुलते, बी धरते आणि मरून जाते. तिचा सारा वंश त्या एका बियाण्याच्या भरवशावर असतो. खिंडीतून शेवटची चढण चढून आम्ही माथ्याजवळ आलो. तेथे कातळात खोदलेली पाण्याची जुनी टाकी आहेत. माथ्यावरून दक्षिणेस वसईची खाडी आणि तिच्या पलीकडे घोडबंदरचे डोंगर दिसतात. उत्तरेस तुंगारेश्वराची रांग आहे. आणि पश्चिमेस आपली हिरवी पट्टी, तिच्यापुढे समुद्र. आपले देऊळ शोधण्याचा मुलांनी पुष्कळ प्रयत्न केला. आम्ही मात्र त्याच जागी उभे राहून खाली उताराकडे पाहत होतो, जेथून पूर्वी धूर दिसला होता.

तेथे आम्ही मेणबत्ती पेटविली नाही. पवित्र जपमाळेची दुःखाची रहस्ये म्हटली, आणि पवित्र शास्त्रातील दोन स्थळे वाचली. पहिले स्थळ संत याकोबाच्या पत्रातील होते. मोठ्या रानाला पेटविणाऱ्या लहानशा ठिणगीची उपमा तेथे मनुष्याच्या जिभेला दिली आहे. आमच्या बाबतीत दोन पापे घडली होती: ठिणगीने रान जाळिले हे एक, आणि जी जीभ हलावयास पाहिजे होती ती हलली नाही हे दुसरे. पहिले अज्ञानाने घडले. दुसरे समजून उमजून घडले, आणि त्याचा भार अधिक आहे. दुसरे स्थळ जक्कयाचे होते. प्रभू त्याच्या घरी आला तेव्हा जक्कयाने केवळ अश्रू ढाळिले नाहीत. ज्यांना लुबाडिले होते त्यांना चौपट परत देण्याचे वचन त्याने तेथल्या तेथे दिले. छायाचित्र घेऊ या का, असे एका मुलीने विचारिले. आम्ही म्हणालो, “अगोदर खाली जाऊन येऊ.”

उतरताना ऊन कलले होते. वृद्ध गृहस्थ अद्याप पडवीतच होते. आम्ही त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सर्व सांगितले: चूल, धूर, सभा, ते ‘तूर्त’, आणि त्यांना घालावे लागलेले हेलपाटे. त्यांचा मुलगा खांबाला टेकून ऐकत होता. त्याचा चेहरा कसा झाला, हे आम्ही विसरणार नाही. वृद्ध मात्र शांत होते. बऱ्याच वेळाने ते म्हणाले की, आग विझल्यावर त्यांनी स्वतः ओहळाकाठी चुलीचे दगड पाहिले होते; शेजारी चहाची भुकटी सांडली होती आणि जपमाळेचा एक तुटलेला तुकडा पडला होता. आग कोणाची, हे त्यांना त्याच दिवशी कळले होते.

“मग बाबा, तुम्ही सांगितले का नाही?” आमच्यातील एकाने विचारिले.

“आमचे कोण ऐकणार होते?” ते म्हणाले.

ह्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते आणि आजही नाही. आम्ही त्यांची क्षमा मागितली. क्षमा केली, असे ते शब्दांनी म्हणाले नाहीत. सुनेला हाक मारून त्यांनी सर्वांना पाणी देण्यास सांगितले. आम्ही नुकसानभरपाईचा विषय काढिला. त्यावर ते म्हणाले, “पैसे घेऊन आता गवत थोडेच परत येते? पाड्यावरची पोरे कामाला शहरात जातात. जाळरेषा काढायला हात कमी पडतात. माणसे द्या.” आणि थोडे थांबून म्हणाले, “आणि त्या साहेबांकडे जाऊन आमचे नाव पुसा.”

प्रिय बंधुभगिनींनो, धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण सर्वजण शिकलो आहो की, प्रायश्चित्ताच्या साक्रामेंतात पापी मनुष्याकडून तीन गोष्टी अपेक्षित असतात: पश्चात्ताप, पापकबुली आणि भरपाई. पहिल्या दोन गोष्टी देवापुढे एका संध्याकाळी होऊ शकतात. तिसरीला बहुधा पायांनी चालत जावे लागते. देवाची क्षमा मिळाल्याने जळालेले रान उगवत नाही आणि दुसऱ्याच्या नावावरचा डाग निघत नाही. उलट, क्षमा मिळालेल्या मनुष्याला ते काम करण्याचे बळ मिळते. ते बळ वापरिले नाही तर त्या क्षमेचा आपण काय उपयोग केला? पोप फ्रान्सिस ह्यांनी 2015 साली ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकातून शिकविले की, भूमीचे दुःख आणि गरिबांचे दुःख ही एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत. ते परिपत्रक आम्ही प्रवचनांतून कितीदा तरी समजावून दिले होते. ते आम्हांस समजले त्या पडवीत.

पुढील हकीगत थोडक्यात सांगतो. त्या सातजणांच्या संमतीने आम्ही संबंधित कचेरीस लेखी कबुली दिली आहे. त्यात त्या दोन गृहस्थांचा काही दोष नव्हता, असे स्पष्ट लिहिले आहे. त्यांपैकी दुसरे गृहस्थ काही वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या मुलांना आम्ही हे सांगितले; परंतु ज्याला सांगावयाचे होते तो ऐकावयास नव्हता. उशिराची किंमत ही अशी असते. गेल्या फेब्रुवारीत आपले बावीस युवक दोन शनिवार पाड्यावरील मंडळींच्या बरोबर जाळरेषा काढण्यास गेले होते. त्यांच्या हातांना फोड आले, आणि वाटाड्याने त्यांना कोयता कसा धरावा हे शिकविले. पहिल्या दिवशी तो आमच्याशी एक शब्दही बोलला नाही. दुसऱ्या शनिवारी निघताना त्याने विचारिले, “पुढच्या वर्षी येणार ना?”

ह्या प्रश्नाचे उत्तर आम्ही एकटे देऊ शकत नाही. धर्मगुरूंच्या बदल्या होतात. धर्मग्राम जाग्यावर राहते. म्हणून आजच्या ह्या सभेत आमची आपणापाशी एवढीच विनंती आहे की, दर फेब्रुवारीत दोन शनिवार कामणदुर्गाच्या नावे लिहून ठेवावेत, आणि आमच्यामागून येणाऱ्या धर्मगुरूंना त्यांची आठवण करून द्यावी. रौप्यमहोत्सवाच्या पुस्तिकेतील ते पान फाडू नका. ह्या पुस्तिकेतील हे पान त्याच्या शेजारी ठेवा. पंचवीस वर्षांनी, शताब्दीच्या वाटेवर असताना, कोणी ती दोन्ही पाने वाचून डोंगराकडे पाहील. त्या वेळी ओहळाच्या अलीकडच्या काठावरही थोडी सावली आलेली असावी, आणि ती आणणाऱ्यांत आपल्या मुलांचे हात असावेत, अशी प्रभूचरणी आमची प्रार्थना आहे.

परमेश्वर आपणा सर्वांस, आणि त्या पाड्यावरील आपल्या शेजाऱ्यांस, आशीर्वाद देवो. आमेन.